रक्त गोठत होते आणि बिंबिका घटत होत्या : ऑस्लो, मार्च २०२१

मार्च २०२१ मध्ये नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथील विद्यापीठ रुग्णालयाच्या डॉक्टरांसमोर थोड्याच दिवसांच्या अंतराने पाच रुग्ण आले. चार स्त्रिया आणि एक पुरुष, वय ३२ ते ५४ या दरम्यान, आणि पाचही जण आरोग्यसेवेत काम करणारे. कोणालाही जीवघेणा म्हणावा असा आजार आधी नव्हता. पाचही जणांनी ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि ॲस्ट्राझेनेका कंपनीच्या कोविड लसीचा पहिला डोस घेतला होता आणि त्यानंतर ७ ते १० दिवसांनी त्यांना त्रास सुरू झाला होता. हीच लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘कोविशिल्ड’ या नावाने तयार केली आणि ती भारतातील कोट्यवधी लोकांनी घेतली. त्यामुळे हे प्रकरण नॉर्वेत घडले असले तरी ते नीट समजून घेण्याची गरज मराठी वाचकालाही आहे.

पाचांपैकी चौघींच्या मेंदूतील शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या. पाचव्या रुग्णाच्या, म्हणजे त्या पुरुषाच्या, गुठळ्या पोटातील शिरांमध्ये होत्या आणि तो पाठदुखीची तक्रार घेऊन आला होता. पहिल्या रुग्ण स्त्रीला लस घेतल्यानंतर साधारण आठवड्याने डोकेदुखी सुरू झाली, ताप आला, आणि डोके दुखायचे थांबेना म्हणून ती तातडीच्या विभागात आली. रक्ततपासणीत तिच्या बिंबिका, म्हणजेच प्लेटलेट, धोकादायक पातळीपर्यंत उतरलेल्या आढळल्या. सीटी स्कॅनमध्ये मेंदूतील रक्त मानेकडे वाहून नेणाऱ्या डाव्या बाजूच्या मोठ्या शिरामार्गात गुठळी दिसली. दुसऱ्या दिवशी तिची प्रकृती ढासळली आणि नव्या स्कॅनमध्ये लहान मेंदूत मोठा रक्तस्राव व सूज आढळली. गुठळीसाठी हेपारिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाच्या गटातील औषध कमी मात्रेत देण्यात आले, रक्तस्रावासाठी बिंबिका चढवण्यात आल्या, कवटी उघडून मेंदूवरचा दाब कमी करण्याची शस्त्रक्रियाही झाली. तरीही ती वाचली नाही. आणखी एका स्त्रीला आधी पोटदुखी आणि डोकेदुखी एकत्र होती, बिंबिका थोड्याच कमी होत्या आणि पोटाची सोनोग्राफी ठीक आल्यामुळे ती घरी गेली. दोन दिवसांनी डोकेदुखी वाढून ती परत आली, तेव्हा मेंदूच्या वरच्या आणि खोल अशा दोन्ही शिरा गुठळ्यांनी भरल्या होत्या. ती मात्र पूर्ण बरी होऊन घरी गेली. पोटात गुठळ्या झालेला पुरुषही बरा झाला. उरलेल्या दोघी दगावल्या. पाचांपैकी तीन मृत्यू, आणि तेही इतरांची शुश्रूषा करता यावी म्हणून रांगेत आधी उभे राहून लस घेतलेल्या माणसांचे, ही गोष्ट या प्रकरणाचा वैद्यकीय तपशील वाचतानाही नजरेआड करता येत नाही.

या आजाराचे मूळ समजण्यासाठी मेंदूतील रक्ताच्या परतीच्या वाटेकडे पाहावे लागते. पक्षाघात म्हटले की बहुतेकांच्या मनात धमनी येते, कारण धमनी बंद पडली की मेंदूच्या एका भागाला रक्त मिळत नाही आणि हात-पाय क्षणात लुळे पडतात. शिरेत गुठळी झाली तर रक्त पोहोचते, पण परत जाऊ शकत नाही. मोरीचे तोंड तुंबले की पाणी मागे घरात पसरते, तसा दाब मागच्या बारीक शिरांवर येतो, आसपासचा मेंदू सुजतो आणि शेवटी त्या बारीक शिरा फुटून रक्तस्राव होतो. त्यामुळे या आजाराची सुरुवात बहुधा डोकेदुखीने होते. ती दिवसेंदिवस वाढत जाते, कधी उलट्या होतात, नजर अंधुक होते, कधी एकदम फिट येते. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला तरी मूळ कारण गुठळी असते, आणि साध्या सीटी स्कॅनमध्ये ती सुटूनही जाऊ शकते. शिरांचा स्वतंत्र सीटी किंवा एमआर व्हेनोग्राम केल्यावरच चित्र स्पष्ट होते.

आपल्याकडच्या न्यूरोलॉजी विभागांना हा आजार अपरिचित नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्त मुळातच गोठण्याकडे झुकलेले असते. त्यात बाळंतिणीला पाणी कमी द्यायचे ही काही घरांतील जुनी रीत पाळली गेली, तर शरीर कोरडे पडून हा धोका वाढतो. गर्भनिरोधक गोळ्या, रक्त गोठण्याचे आनुवंशिक दोष, कानामागच्या हाडातील संसर्ग, तीव्र निर्जलीकरण हीदेखील ओळखीची कारणे आहेत. उपचाराचा नियमही ठरलेला आहे. मेंदूत थोडा रक्तस्राव झालेला दिसला तरी रक्त पातळ ठेवणारे हेपारिन द्यायचे. १९९१ मध्ये म्युनिक येथील लहानशा, पण महत्त्वाच्या चाचणीनंतर ही पद्धत रुजली. रक्तस्राव असताना रक्त पातळ करायचे हे ऐकायला विचित्र वाटते, पण रक्तस्रावाचे मूळ गुठळीत असल्यामुळे गुठळी रोखल्याने रक्तस्रावाचे कारणच कमी होते.

ऑस्लोतील रुग्णांत मात्र एक गोष्ट या ठरलेल्या चित्रात बसत नव्हती. बिंबिका रक्त गोठवण्याच्या कामाला लागतात. त्या कमी झाल्या की सहसा रक्त वाहत राहते, गोठत नाही. या रुग्णांत बिंबिका झपाट्याने घटत होत्या आणि त्याच वेळी शिरांमध्ये जबरदस्त गुठळ्या होत होत्या. बाळंतपणानंतरच्या किंवा गोळ्यांमुळे झालेल्या गुठळीत असे सहसा दिसत नाही. शिवाय संख्येचाही प्रश्न होता. मेंदूतील शिरांच्या गुठळ्यांचे प्रमाण अलीकडच्या अंदाजांप्रमाणे वर्षाला दर दहा लाख प्रौढांमागे साधारण १२ ते १५ इतके आहे. नॉर्वेत तोवर सुमारे १ लाख ३० हजार लोकांना या लसीचा पहिला डोस मिळाला होता. एवढ्या लोकांत दोन आठवड्यांच्या काळात असा एखादा रुग्णसुद्धा योगायोगाने आढळण्याची शक्यता दहात एकाहून कमी ठरते. इथे चौघी होत्या, आणि चौघींच्याही बिंबिका कमी होत्या.

रक्तविकारतज्ज्ञ पॉल आंद्रे होल्मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या टप्प्यावर जो प्रश्न विचारला, त्याला माझ्या मते या प्रकरणात सर्वाधिक महत्त्व आहे. बिंबिका कमी आणि गुठळ्या जास्त, असा विरोधाभास वैद्यकशास्त्राला एका ठिकाणी अनेक दशकांपासून ठाऊक होता. हेपारिन दिलेल्या काही थोड्या रुग्णांत, औषध सुरू केल्यावर साधारण ५ ते १० दिवसांनी, हाच प्रकार घडतो. बिंबिकांमधून ‘प्लेटलेट फॅक्टर ४’ नावाचे एक प्रथिन बाहेर पडते. त्यावर धन विद्युतभार असतो आणि हेपारिनवर ऋण. दोघे एकत्र येऊन जो गठ्ठा तयार होतो, तो काही जणांच्या प्रतिकारशक्तीला परका वाटतो. मग त्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजेच अँटिबॉडी, तयार होतात. ही प्रतिपिंडे त्या गठ्ठ्याला चिकटतात, त्यांची दुसरी टोके बिंबिकांच्या पृष्ठभागावरील ग्राहकांना, म्हणजेच रिसेप्टरना, पकडतात आणि बिंबिका एकदम कामाला लागतात. त्या एकमेकींना चिकटून गुठळीत खर्ची पडतात, म्हणून रक्तातील त्यांची संख्या घटते. संख्या कमी होणे हा या आजारात गुठळी होण्याचाच दुसरा चेहरा असतो.

पण ऑस्लोतील पाचांपैकी एकानेही आजारापूर्वी हेपारिन घेतलेले नव्हते. ठरलेल्या पद्धतीने विचार केला असता तर या प्रतिपिंडांची तपासणी सांगायला कारणच नव्हते, कारण ती ‘हेपारिनमुळे होणाऱ्या’ आजारासाठी असते. तरीही ती केली गेली. बिंबिकांच्या प्रतिकारशास्त्राचे नॉर्वेचे राष्ट्रीय केंद्र उत्तरेकडील ट्रॉम्सो येथे आहे. तिथल्या तज्ज्ञांची या कामात साथ मिळाली. पाचही रुग्णांच्या रक्तात प्लेटलेट फॅक्टर ४ विरुद्धच्या प्रतिपिंडांचे प्रमाण फार मोठे आढळले. लसीच्या कुठल्या घटकाने ही प्रतिक्रिया सुरू होते याचे उत्तर तेव्हा मिळाले नव्हते, पण आजाराची यंत्रणा हाती आली होती. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात होल्मे यांनी हे जाहीर केले. त्याच सुमारास जर्मनीतील ग्राइफ्सवाल्ड येथे आंद्रेआस ग्राइनाखर हे हेपारिनच्या याच विकाराचा वर्षानुवर्षे अभ्यास केलेले संशोधक जर्मनी आणि ऑस्ट्रियातील रुग्णांच्या रक्तावरून स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचले होते. दोन्ही गटांचे अहवाल ९ एप्रिल २०२१ रोजी एकाच नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आठवड्याभरात ब्रिटनमधून २३ रुग्णांचा अहवालही आला. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या तीन ठिकाणच्या रक्तांनी एकच उत्तर दिल्यावर शंकेला फारशी जागा उरली नाही.

हे निदान केवळ ज्ञानासाठी नव्हते, कारण त्याने उपचाराची दिशा बदलली. नेहमीच्या सवयीने डॉक्टर दोन गोष्टी करतील. गुठळी आहे म्हणून हेपारिन देतील आणि बिंबिका कमी आहेत म्हणून रक्तपेढीतून बिंबिका मागवतील. या आजारात दोन्ही गोष्टी शंकास्पद ठरतात. हेपारिन प्रतिक्रियेला हातभार लावण्याची भीती असते आणि चढवलेल्या बिंबिका प्रतिपिंडांच्या तावडीत सापडून आणखी गुठळ्या होऊ शकतात. म्हणून हेपारिनऐवजी वेगळ्या वर्गातील रक्त पातळ ठेवणारी औषधे वापरावीत, बिंबिका शक्यतो चढवू नयेत आणि शिरेतून मोठ्या मात्रेत इम्युनोग्लोब्युलिन द्यावे, असे मार्गदर्शन थोड्याच आठवड्यांत तयार झाले. निरोगी दात्यांच्या रक्तातून मिळवलेले हे इम्युनोग्लोब्युलिन बिंबिकांवरील तेच ग्राहक अडवते, त्यामुळे घातक प्रतिपिंडांना पकडायला जागा मिळत नाही. ऑस्लोत वाचलेल्या दोघांनाही ते देण्यात आले होते. त्या दोघांपैकी स्त्रीला हेपारिनवर्गातील औषधही मिळाले होते आणि तरीही ती बरी झाली, ही नोंद मी मुद्दाम करतो, कारण हेपारिनने नक्की किती हानी होते हे ठामपणे सिद्ध झाले आहे असे कोणी म्हणू नये. पहिल्या रुग्णाला हेपारिन आणि बिंबिका देणाऱ्या डॉक्टरांनी त्या दिवशीच्या ज्ञानानुसार योग्य तेच केले होते.

हे चित्र ब्रिटन आणि भारतासारख्या कितीतरी अधिक डोस दिलेल्या देशांत आधी का दिसले नाही, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे बरेचसे उत्तर लस कोणाला दिली गेली यात आहे. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२१ पासून ही लस मुख्यतः वयोवृद्धांना दिली जात होती. नॉर्वेने सुरुवातीला ६५ वर्षांवरील लोकांना ती दिलीच नाही, त्यामुळे तिथे ती प्रामुख्याने कामाच्या वयातील आरोग्यकर्मचाऱ्यांना मिळाली, ज्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते. हा दुष्परिणाम तरुण वयात तुलनेने अधिक आढळतो, हे नंतरच्या आकडेवारीतून दिसले. ब्रिटनमधील २२० रुग्णांच्या मोठ्या अहवालात ८५ टक्के रुग्ण ६० वर्षांखालचे होते. त्यात एकूण मृत्यूचे प्रमाण २२ टक्के होते, पण बिंबिका ३० हजारांच्या खाली गेलेल्या आणि मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णांत ते ७३ टक्के होते. या दोन आकड्यांमधील अंतरावरून वेळेवर निदान होण्याचे मोल कळते.

यानंतर देशांनी घेतलेले निर्णय एकसारखे नव्हते आणि ते एकसारखे असायलाही नको होते. युरोपीय औषध संस्थेने ७ एप्रिल २०२१ रोजी हा अतिदुर्मीळ दुष्परिणाम लसीच्या माहितीपत्रात नोंदवण्यास सांगितले आणि लसीचा फायदा धोक्याहून मोठा असल्याचेही स्पष्ट केले. डेन्मार्कने १४ एप्रिलला ही लस कायमची थांबवली. ११ मार्चपासून ती स्थगित ठेवलेल्या नॉर्वेने मे महिन्यात ती राष्ट्रीय कार्यक्रमातून वगळली. तिथे संसर्ग आटोक्यात होता, दुसऱ्या लशी उपलब्ध होत्या आणि तरुण माणसाला कोविडपासून असलेला धोका या दुष्परिणामाच्या धोक्यापेक्षाही कमी भरत होता. त्याच एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रात दुसरी लाट होती, नातेवाईक प्राणवायूच्या सिलिंडरसाठी आणि रेमडेसिव्हिरसाठी दारोदार फिरत होते. नॉर्वेचे गणित इथे लावले असते तर घोर चूक झाली असती. लस तीच असली तरी तिच्यासमोर ठेवायचा धोका प्रत्येक देशात वेगळा होता. म्हणून नॉर्वेचा निर्णय नॉर्वेसाठी बरोबर होता आणि लसीकरण चालू ठेवण्याचा भारताचा निर्णय भारतासाठी बरोबर होता, असे मला वाटते.

भारतात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १७ मे २०२१ रोजी राष्ट्रीय समितीच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. लसीकरणानंतरच्या ४९८ गंभीर घटनांच्या सखोल छाननीत कोविशिल्डनंतर गुठळीशी संबंध असू शकेल अशा २६ घटना आढळल्या आणि हे प्रमाण दर दहा लाख डोसमागे ०.६१ असल्याचे सांगण्यात आले. ब्रिटनमध्ये तोच आकडा ४ आणि जर्मनीत १० होता. आपला आकडा लहान आहे यात समाधान मानता येते, पण त्याबरोबर हेही लक्षात घ्यावे लागते की घटना नोंदवल्या जाण्यासाठी आधी त्या ओळखल्या जाव्या लागतात. तालुक्याच्या गावी डोकेदुखीने दगावलेल्या माणसाच्या शिरांचे चित्र आणि बिंबिकांची संख्या दोन्ही उपलब्ध असतीलच असे नाही.

तीन वर्षांनी, एप्रिल-मे २०२४ मध्ये, हा विषय अचानक पुन्हा पेटला. ब्रिटनमधील न्यायालयात कंपनीने सादर केलेल्या एका कागदपत्रात ही लस अतिदुर्मीळ प्रसंगी असा आजार घडवू शकते, अशी कबुली असल्याच्या बातम्या आल्या आणि आपल्याकडे कोविशिल्डची दोन-तीन वर्षे जुनी प्रमाणपत्रे हातात घेऊन लोक भीतीने डॉक्टरांकडे जाऊ लागले. कित्येकांनी स्वतःहून डी-डायमरच्या, म्हणजे रक्तात गुठळ्या होत असल्याचा इशारा देणाऱ्या, तपासण्या करून घेतल्या. त्या बातमीत शास्त्रज्ञांसाठी नवे काही नव्हते, कारण हा दुष्परिणाम तीन वर्षांपूर्वीच नोंदला गेला होता. महत्त्वाची गोष्ट वेळेची होती. ही प्रतिक्रिया लसीनंतर साधारण ५ ते ३० दिवसांत सुरू होते आणि काही रुग्णांत फार तर सहा आठवड्यांपर्यंत. २०२१ मध्ये लस घेऊन तो काळ सुखरूप पार केलेल्या माणसाला २०२४ मध्ये या आजाराची भीती बाळगण्याचे कारण नव्हते. हे साधे वाक्य तेव्हा पुरेशा लोकांपर्यंत पोहोचले नाही, याची मला खंत वाटते, कारण त्या भीतीचे ओझे लस घेऊन आपले कर्तव्य केलेल्या लोकांनीच वाहिले.

आपल्याकडच्या दवाखान्यांसाठी या प्रकरणात आणखी एक विचार दडलेला आहे. ताप, डोकेदुखी आणि कमी प्लेटलेट हे तिन्ही एकत्र आले की महाराष्ट्रात पहिले नाव डेंगीचे येते आणि पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत ते बहुधा बरोबरही असते. ऑस्लोतील पहिली रुग्ण अशा दिवसांत आपल्याकडच्या एखाद्या रुग्णालयात आली असती, तर तिचे निदान कदाचित डेंगी असे झाले असते आणि नातेवाईक बिंबिकांच्या पिशव्यांसाठी रक्तपेढ्यांकडे धावले असते. डेंगीत डोकेदुखी असतेच, पण ताप उतरल्यावरही ती वाढत गेली, उलट्या, फिट किंवा अंधुक नजर त्यात आली, तर शिरांचा स्कॅन टाळू नये. डी-डायमर कमालीचे वाढलेले असेल तर संशय आणखी बळावतो. प्रतिपिंडांची तपासणी मात्र एलिसा पद्धतीची हवी. हेपारिनच्या विकारासाठी वापरल्या जाणाऱ्या काही झटपट चाचण्या या आजारात खोटे नकारात्मक उत्तर देतात, हे नंतर दिसून आले.

कोविशिल्ड आता दिली जात नाही, म्हणून हा आजार इतिहासजमा झाला असे समजणे चुकीचे ठरेल. या लसीत माणसाच्या शरीरात वाढू न शकणारा, चिंपांझीतील एका ॲडेनोव्हायरसपासून बनवलेला वाहक, म्हणजे लसीचा संदेश पेशींपर्यंत नेणारा विषाणू, होता. जॉन्सन अँड जॉन्सनच्या लसीतही वेगळ्या ॲडेनोव्हायरसचा वाहक होता आणि तिच्यानंतरही अमेरिकेत असेच रुग्ण आढळले, म्हणून १३ एप्रिल २०२१ रोजी तिथे ती काही दिवस थांबवण्यात आली होती. पुढील प्रयोगांत या विषाणूच्या पृष्ठभागाला प्लेटलेट फॅक्टर ४ चिकटू शकते असे दिसले. २०२३ मध्ये तर कोणतीही लस न घेता, केवळ ॲडेनोव्हायरसचा साधा नैसर्गिक संसर्ग झाल्यानंतर, बिंबिका घटून गुठळ्या झालेल्या आणि रक्तात हीच प्रतिपिंडे असलेल्या रुग्णांची नोंद झाली. सर्दी-पडशासारखा वाटणारा हा संसर्ग सर्वत्र असतो, लहान मुलांत तर विशेष. त्यामुळे सर्दी-तापानंतर आठ-दहा दिवसांनी तीव्र डोकेदुखी घेऊन आलेल्या रुग्णाच्या शिरेत गुठळी दिसली आणि बिंबिका कमी आढळल्या, तर त्याने लस किंवा हेपारिन घेतले नसले तरी प्लेटलेट फॅक्टर ४ च्या प्रतिपिंडांसाठी रक्त पाठवावे आणि उत्तर येईपर्यंत हेपारिनऐवजी दुसऱ्या औषधाचा विचार करावा.